ब्लू स्क्रीन पुन्हा पुन्हा येतेय? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी ब्लू स्क्रीनबद्दलचे (विंडोज कोसळल्यावर येणारा निळा पडदा) प्रश्न इतके आले की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं विंडोज १० आणि ११ धरून लिहिली आहेत. विंडोज ११ च्या २०२५ नंतरच्या अपडेटमध्ये ही स्क्रीन निळी न राहता काळी झाली आहे. खाली लिहिलेलं सगळं तिलाही तसंच लागू पडतं. कुठलाही उपाय करण्याआधी महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मोबाइलमध्ये किंवा कागदावर उतरवून घ्या, कारण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) हात घातला की विंडोज ती मागू शकतं.

प्रश्न : पीसी आठवड्यातून तीन-चार वेळा अचानक निळा होतो आणि लगेच रीस्टार्ट होतो. स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचायलाही वेळ मिळत नाही. दुरुस्तीवाले म्हणतात, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाका. टाकू का?

एवढ्यात नको. फॉरमॅटने बिघाडाचा पुरावा पुसला जातो. शिवाय दोष रॅममध्ये असेल, तर त्याच खराब रॅममधून नव्या विंडोजच्या फाइली कॉपी होतात. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच, वर सगळे प्रोग्राम पुन्हा टाकायचा व्याप वेगळाच.

आधी ती स्क्रीन थांबवा. स्टार्टमध्ये ‘व्ह्यू अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज’ शोधून उघडा. ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ खालच्या ‘सेटिंग्ज’ बटणावर क्लिक करा आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ समोरची खूण काढा. त्याच खिडकीत खाली ‘स्मॉल मेमरी डंप’ निवडा. आता पुढच्या वेळी स्क्रीन जागच्या जागी उभी राहील. मोबाइलने फोटो काढून ठेवा. चौकोनी क्यूआर कोड सोडून द्या, तो फक्त एका सर्वसाधारण मदतीच्या पानावर नेतो. कामाच्या ओळी दोनच. एक ‘स्टॉप कोड’ची, आणि दुसरी, असलीच तर, ‘व्हॉट फेल्ड’ची. दुसरीत एखाद्या फाइलचं नाव असतं.

प्रत्येक क्रॅशची एक छोटी डंप फाइल विंडोजच्या फोल्डरमधल्या ‘मिनीडंप’मध्ये जमा होते. तिथे काहीच नसेल तर दोन गोष्टी तपासा. कुठलं ‘क्लीनर’ सॉफ्टवेअर ती फाइल उडवतंय का, आणि जागा वाचवण्यासाठी पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) बंद केली आहे का. विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे तिथे पेजफाइल नसेल तर सहसा डंप लिहिलाच जात नाही.

आता ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्यात ‘सिस्टीम’ उघडा. तिथली ४१ क्रमांकाची ‘कर्नल-पॉवर’ नोंद बघून बरेच जण पॉवर सप्लाय बदलायला निघतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. कारण त्यात नसतं. हवी ती नोंद १००१ क्रमांकाची, ‘बगचेक’ नावाची. ४१ आहे पण १००१ नाही, आणि ४१ च्या तपशिलात ‘बगचेक कोड’ शून्य आहे, असं असेल तर बहुधा ब्लू स्क्रीन आलीच नव्हती. वीज गेली, पॉवर सप्लायने मान टाकली किंवा मशीन तापून बंद झालं. तो तपास वेगळ्या दिशेने करायचा.

‘रिलायबिलिटी मॉनिटर’ही एकदा उघडाच. विंडोजमधली ही सगळ्यात दुर्लक्षित सोय आहे. तारखेनुसार लाल फुल्या दिसतात, आणि त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी कुठला ड्रायव्हर (हार्डवेअरला विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर), अपडेट किंवा प्रोग्राम आला तेही खाली दिसतं. पहिली फुली अमुक तारखेची आणि अँटिव्हायरस आदल्या दिवशी टाकलेला, एवढं दिसलं तरी निम्मा शोध संपला.

प्रश्न : दर वेळी वेगळा कोड येतो. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. पूर्वी ८ जीबी रॅमची एक स्टिक होती, नंतर तेवढ्याच क्षमतेची दुसऱ्या कंपनीची लावली. विंडोजची मेमरी टेस्ट केली, ती ‘नो एरर्स’ म्हणते.

संशय रॅमवरच ठेवा. एकच ड्रायव्हर बिघडलेला असेल तर कोड साधारण तोच तोच येतो, फाइलचं नावही तेच निघतं. कोड दर वेळी बदलत असेल, मधूनच ब्राउझर आपोआप बंद होत असेल, झिप फाइल उघडताना ‘करप्ट’ म्हणत असेल, तर मेमरीतले बिट्स कुठेतरी उलटताहेत. त्या जागी त्या क्षणी जे असेल ते कोसळतं, म्हणून कोड बदलत राहतो.

विंडोजची स्वतःची टेस्ट नेहमीच्या पद्धतीने चालवली तर ती वरवरचीच असते. चालू असताना एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ निवडता येतं, पण त्यातही ती ‘ठीक’ म्हणाली म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही. मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाका आणि पीसी त्यावरून सुरू करा. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात. रात्री लावून झोपा. सकाळी निकाल बघताना सवलत देऊ नका: एकसुद्धा एरर म्हणजे नापास. ‘शंभर कोटींत एकच चुकलं’ हा हिशेब मेमरीला चालत नाही.

पण टेस्टला बसण्याआधी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद करा (एएमडीच्या नव्या बोर्डवर त्याला एक्स्पो म्हणतात). डब्यावर ३२०० किंवा ३६०० लिहिलेली डीडीआर४ रॅम पुष्कळदा मुळात २१३३, २४०० किंवा २६६६ ला १.२ व्होल्टवर चालते. वरचा वेग एक्सएमपी लावल्यावर, बहुतेक वेळा १.३५ व्होल्टवर मिळतो. हे एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच (मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं) आहे. दोन वेगळ्या कंपन्यांच्या स्टिक एकत्र आल्या की त्यांचे टायमिंग जुळतीलच असं नाही. एक्सएमपी बंद करून क्रॅश थांबले तर स्टिक खराब नाहीत, जोडी जमत नाही एवढंच. वेग एक-दोन पायऱ्या खाली ठेवून चालवा. रोजच्या कामात फरक जाणवणारही नाही.

एक्सएमपी बंद करूनही एरर आले तर मग स्टिक वेगळ्या करा. पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद करा, वायर काढा, पुढचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून उरलासुरला चार्ज घालवा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि मगच रॅमला हात घाला. एका वेळी एकच स्टिक, एकाच खाचेत. चार खाचांच्या बोर्डवर ही खाच सहसा प्रोसेसरकडून मोजली तर दुसरी असते. दोन स्टिक असतील तर दुसरी आणि चौथी. बोर्डच्या मॅन्युअलमध्ये यांना ए२ आणि बी२ म्हटलेलं असतं. स्टिक बसवताना दोन्ही टोकं दाबा आणि खटका वाजला का ते ऐका. एका बाजूनेच खटका असलेल्या बोर्डवर दुसरं टोक अर्धवट वर राहतं आणि वरून बघून कळत नाही.

निकालाचा अर्थ असा लावा. एरर एका ठरावीक स्टिकच्या मागे प्रत्येक खाचेत गेला, तर ती स्टिक खराब. दोन्ही स्टिक एकाच खाचेत नापास आणि दुसरीकडे पास, तर खाच, बोर्ड किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन. सगळ्या स्टिक सगळीकडे नापास, तर प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर किंवा बायोसचं सेटिंग. डीडीआर५ असेल तर रॅम बदलल्यानंतर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहते. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतं. घाबरून मध्येच वीज तोडू नका.

रॅमचे सोनेरी दात खोडरबराने घासायची पद्धत सर्रास दिसते. त्याने कधी कधी काम होतंही, पण सोन्याचा थर पातळ असतो आणि रबराचा चुरा खाचेत पडला की नवं दुखणं सुरू होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं, धागे न सुटणारं कापड पुरतं.

रॅमचा प्रश्न मिटल्यावर, आणि मिटल्यावरच, विंडोजच्या फाइली दुरुस्त करा. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा, आधी ‘डिझम’ची ‘रिस्टोअर हेल्थ’ कमांड चालवा, ती पूर्ण झाली की ‘एसएफसी’ची ‘स्कॅननाऊ’. खराब रॅम असताना या दोन्ही कमांड चालवल्या तर चांगल्या फाइलींच्या जागी सडक्या फाइली बसू शकतात. नेटवरच्या बहुतेक सल्ल्यांत हा क्रम उलटा असतो.

प्रश्न : डंप फाइल एका प्रोग्रामने उघडली. दोष ‘एनटीओएसकेआरएनएल’ फाइलचा दाखवतो. ती दुसऱ्या पीसीवरून कॉपी करून टाकली तर चालेल का? ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ चालू करा असंही कुठेतरी वाचलं. ते केल्यापासून विंडोज सुरूच होत नाही, लोगोनंतर थेट ब्लू स्क्रीन.

फाइल कॉपी करू नका. ती विंडोजची कर्नल, म्हणजे गाभा आहे. चूक कुणीही केली तरी शेवटी मशीन थांबवायचं काम तीच करते, म्हणून छोटे प्रोग्राम तिच्याकडेच बोट दाखवतात. मायक्रोसॉफ्टचं मोफत ‘विनडीबीजी’ घ्या, त्यात डंप उघडा आणि ‘अ‍ॅनलाइझ’ची कमांड चालवा, लिंक पहिल्याच पानावर निळ्या अक्षरांत तयार असते. निकालात ‘मॉड्यूल नेम’ आणि ‘इमेज नेम’ बघा. एकाच डंपवर भिस्त ठेवू नका. तीन-चार डंपमध्ये तेच नाव निघालं तर ते धरायचं.

एका ड्रायव्हरपायी सगळा पीसी का बसतो, तर ड्रायव्हर कर्नलच्या शेजारी, तिच्याच मेमरीत चालतो. साधा प्रोग्राम नको तिथे हात घालू लागला तर विंडोज त्याला एकट्याला बंद करतं. कर्नलमधल्या ड्रायव्हरने तेच केलं तर पुढे कुठला डेटा बिघडेल याची खात्री उरत नाही, म्हणून सगळंच थांबवलं जातं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने हेच झालं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन त्यात अडकली.

आता व्हेरिफायर. तो ड्रायव्हरवर मुद्दाम ताण देतो आणि चूक सापडताच ब्लू स्क्रीन आणतो. तुमच्याकडे तो सुरू होतानाच कुणाला तरी पकडतोय, म्हणजे एका अर्थी काम झालं. बाहेर असं पडा: लोगो दिसल्यावर पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केलं की रिकव्हरीचा पडदा येतो. तिथे ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, ‘रीस्टार्ट’, आणि मग सेफ मोडसाठी ४ दाबा. सेफ मोडमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘व्हेरिफायर’, एक जागा, तिरकी रेघ (/) आणि तिला चिकटून ‘रीसेट’ असं इंग्रजीत टाइप करा आणि रीस्टार्ट करा. नवे डंप मात्र जपून ठेवा, गुन्हेगाराचं नाव त्यातच असण्याची शक्यता आहे.

पुन्हा कधी लावायचा झाला तर आधी रिस्टोअर पॉइंट करा, मायक्रोसॉफ्टचे सोडून बाकीचेच ड्रायव्हर निवडा आणि एक-दोन दिवसांत काही सापडलं नाही तर बंद करा. रॅम तपासलेली नसताना व्हेरिफायर लावणं म्हणजे निरपराध ड्रायव्हरला पकडणं.

प्रश्न : फक्त गेम खेळतानाच क्रॅश होतो. ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’. ग्राफिक्स ड्रायव्हर तीनदा अपडेट केला.

ग्राफिक्स कार्डाने ठरावीक वेळेत, मूळ सेटिंगप्रमाणे २ सेकंदांत, उत्तर दिलं नाही तर विंडोज त्याचा ड्रायव्हर नव्याने उठवायचा प्रयत्न करतं. तो फसला की हा कोड. रजिस्ट्रीत ही वेळ वाढवण्याचा सल्ला सगळीकडे मिळेल, पण त्याने दोष झाकला जातो, जात नाही.

जुन्यावर नवा ड्रायव्हर टाकत बसण्यापेक्षा एकदा पूर्ण साफ करा. हवा तो ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवा, नेट तोडा (नाहीतर विंडोज मध्येच आपला ड्रायव्हर बसवतं), सेफ मोडमध्ये ‘डीडीयू’ने (ड्रायव्हर मुळापासून काढणारा प्रोग्राम) जुना काढा आणि मग नवा टाका. सगळ्यात ताजा ड्रायव्हर घ्यायची सक्ती नाही. ज्या आवृत्तीवर गेम नीट चालत होता तीच शोधा.

तरीही थांबलं नाही तर वीज बघा. मदरबोर्डची खाच कार्डाला ७५ वॉट देते, ६ पिनचा कनेक्टर आणखी ७५, ८ पिनचा १५०. कार्डाला दोन ८ पिन लागत असतील तर पॉवर सप्लायपासून दोन वेगळ्या केबल आणा. एकाच केबलच्या शेपटीचे दोन्ही कनेक्टर वापरू नका. कार्ड फॅक्टरीतूनच ओव्हरक्लॉक होऊन आलेलं असेल तर त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणून खेळून बघा. क्रॅश थांबले तर ड्रायव्हरचा नाद सोडा आणि पॉवर सप्लाय किंवा कार्ड तपासा. यात खरी चाचणी एकच: दुसरा, खात्रीचा पॉवर सप्लाय लावून बघणं.

प्रश्न : ‘व्हीया अनकरेक्टेबल एरर’ येतो. मी कधीच ओव्हरक्लॉक केलेलं नाही.

तुम्ही केलं नसेल, बोर्डने केलेलं असू शकतं. बऱ्याच बोर्डांच्या बायोसमध्ये प्रोसेसरचं ‘एन्हान्समेंट’ पहिल्यापासून चालू असतं. बायोसमध्ये ‘लोड डिफॉल्ट्स’ करा, पण त्याआधी डिस्कचा मोड (डिस्क बोर्डशी बोलते ती पद्धत) कोणता आहे ते लिहून ठेवा (का, ते शेवटच्या उत्तरात). मग एन्हान्समेंट आणि एक्सएमपी दोन्ही बंद आहेत याची खात्री करा. लॅपटॉपवर तापमान कमी ठेवायला अंडरव्होल्ट (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी) केलं असेल तर तेही काढा. या कोडच्या वेळी तक्रार थेट हार्डवेअरने केलेली असते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया-लॉगर’ची नोंद उघडली तर ‘प्रोसेसर कोअर’ की ‘पीसीआय एक्सप्रेस’ हेही कळतं. दुसरं असेल तर ग्राफिक्स कार्ड आणि एनव्हीएमई डिस्क काढून पुन्हा बसवा.

इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर मात्र बायोसची तारीख आजच बघा. या पिढ्यांतल्या बऱ्याच प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते हळूहळू कमकुवत होण्याचा दोष होता. इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले, ते बायोसमधून येतात. अपडेट पुढचं नुकसान रोखतं, झालेलं भरून काढत नाही. गेम सुरू होताना ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ म्हणून पडणं हे त्याचं नेहमीचं लक्षण. बायोस नवा करूनही क्रॅश चालू राहिले तर प्रोसेसर वॉरंटीत बदलून मागा. इंटेलने याच कारणासाठी या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे.

प्रश्न : आधी पीसी अर्धा-एक मिनिट थिजतो, मग ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ किंवा ‘क्रिटिकल प्रोसेस डाइड’. स्क्रीनवर ० टक्क्यांवरच अडकतं. डंपही सापडत नाही.

डंप लिहायचा तो डिस्कवर, आणि डिस्कच गायब झालेली. म्हणून आकडा शून्यावर अडकतो.

‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) उघडा. साटा डिस्क असेल तर ०५, सी५ आणि सी६ या ओळींचे ‘रॉ व्हॅल्यू’ बघा. हे आकडे सोळाच्या पायावरच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीत दिसतात, शून्य नाहीत एवढं कळलं तरी पुरे. सी५ वाढत असेल तर डिस्कचे दिवस भरलेत, डेटा आजच काढा. वाढणारी ओळ सी७ असेल तर आनंद माना, तो दोष बहुधा साटा केबलचा असतो. केबल बदला. जुना आकडा शून्य होणार नाही, पुढे वाढत नाही ना एवढंच बघायचं. एनव्हीएमई असेल तर ‘मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स’ शून्य हवं, तापमान बघा आणि कंपनीच्या साइटवर फर्मवेअर अपडेट आहे का तेही.

डेटा काढून होईपर्यंत चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणारी कमांड) लावू नका, विशेषतः ‘आर’ लावून. ते डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचतं, आणि मरणाऱ्या डिस्कला ते झेपत नाही.

प्रश्न : लॅपटॉप स्लीपमधून उठताना ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’.

वायफाय आणि ब्लूटूथचे ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या पानावरून टाका. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये वायफाय अ‍ॅडॉप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमध्ये वीज वाचवायला उपकरण बंद करू देणारी खूण काढा. कंट्रोल पॅनेलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मधून ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करा. ते चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी कर्नल पूर्ण बंद होत नाही, झोपवून ठेवली जाते. बिघडलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी तसाच उठतो. नव्याने सुरुवात फक्त ‘रीस्टार्ट’ने होते. यूएसबीला लावलेली डॉक, वायफायची कांडी वगैरे काढूनही दोन दिवस वापरून बघा.

प्रश्न : घड्याळ मागे पडत होतं म्हणून मदरबोर्डची बॅटरी बदलली. आता ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. डिस्क गेली का?

नाही. बॅटरी काढल्यावर बायोसची सेटिंग्ज मूळ पदावर गेली, आणि त्यात डिस्कचा मोड बदलला. विंडोज एका मोडमध्ये टाकलेलं, बायोस दुसऱ्यात. बायोसमध्ये साटा किंवा स्टोरेज कॉन्फिगरेशन उघडा. तिथे एएचसीआय असेल तर रेड करा (इंटेलच्या काही बोर्डवर त्याला आरएसटी किंवा व्हीएमडी म्हणतात), आणि रेड असेल तर एएचसीआय. सेव्ह करून रीस्टार्ट. विंडोज सुरू झालं की बायोसच्या त्या पानाचा फोटो काढून ठेवा. ही सीआर२०३२ बॅटरी आज ना उद्या पुन्हा बदलावी लागणारच.